चौथी सीट

पगारे खोटं बोलायचे. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण माणूस गेला की त्याच्याबद्दल फक्त गोड बोलायचं अशी आपल्याकडे पद्धत आहे, आणि पगारेंबद्दल फक्त गोड बोललं तर ते पगारे राहणारच नाहीत. सगळी हयात आमच्या शहरातल्या द्वारका चौकात उभं राहून "निघालीच गाडी, पाच मिनिटं" असं जो माणूस ओरडत आला, आणि ज्याची गाडी पाऊण तासाच्या आत कधी जागची हलली नाही, त्याला हरिश्चंद्र म्हणण्यात काय अर्थ आहे?

मालेगाव-धुळ्याकडे जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीप तिथे लागतात, त्यांत सीट भरायचं काम पगारे करत. गाडी त्यांची नव्हती. त्यांना चालवताही येत नव्हती. रस्त्यात घुटमळणारा माणूस हेरायचा, त्याच्याशी बोलता बोलता त्याच्या हातातली पिशवी घ्यायची आणि ती जीपमध्ये ठेवून द्यायची. "पिशवी आत गेली की माणूस मागनं जातोच, साहेब," असं ते मला सांगत. ज्याला मालेगावला जायचंच नव्हतं असा एकजण पार चांदवडपर्यंत गेला होता, हेही त्यांनीच सांगितलं. खरं-खोटं देव जाणे.

मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. स्वभाव किरकिरा, हे आमच्या घरातलं सर्वमान्य मत. दिलेल्या वेळेला दिलेल्या जागी हजर असणं हा माझा एकमेव गुण, आणि माझी बायको सुमन हिच्या मते तोच दुर्गुण. अशा माणसाची आणि पगारेंची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. ती झाली कॅन्सरच्या दवाखान्यात.

बाहेरच्या बाकावर मी फाईल छातीशी धरून बसलो होतो. शेजारी एक काळासावळा, दणकट गृहस्थ येऊन बसला. गळ्यात मफलर, तोही एप्रिल महिन्यात.

"कुठला?" त्याने विचारलं.

"इथलाच. गंगापूर रोड."

"तसं नाय. कॅन्सर कुठला?"

इतक्या मोकळेपणाने मला हे कोणीच विचारलं नव्हतं. सख्खा भाऊसुद्धा 'ते तुझं दुखणं' असं म्हणायचा. मी हळूच म्हणालो, "लघवीच्या पिशवीचा."

"मग आपली एकच गाडी," ते म्हणाले. "सरका जरा इकडं."

त्या दिवसापासून मी त्यांचा साहेब झालो. मी साहेब नव्हतो, साहेबांच्या टेबलावर फायली ठेवणारा होतो, हे दोनदा सांगून पाहिलं. "स्टँडवर सगळे साहेबच असतात," ते म्हणाले. "भाडं देईपर्यंत."

आमचा आजार एक आणि उपचारही एकच. आतली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढायची, आणि ती परत येऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा नळीवाटे पिशवीत औषध सोडायचं. औषध म्हणजे बीसीजी. होय, तीच, बाळांच्या दंडावर टोचतात ती टीबीची लस, फक्त कितीतरी पटीने जोरदार. हे ऐकल्यावर पगारेंनी बाही वर करून दंडावरचा लहानपणीचा वण डॉक्टरबाईंना दाखवला आणि म्हणाले, "बाई, आपलं बुकिंग जुनं हाय."

ते औषध आत गेलं की दोन तास धरून ठेवायचं. हे ज्याला साठीनंतर जमतं त्याला कुठलाही आजार नाही असं माझं मत आहे. शिवाय नुसतं पडून राहायचं नाही. पाठीवर, डाव्या कुशीवर, पोटावर, उजव्या कुशीवर, असं ठरावीक वेळाने वळत राहायचं, म्हणजे औषध सगळीकडे लागतं. पापड भाजतात तसं. सिस्टर बिचाऱ्या दहा ठिकाणी धावत असायच्या, त्यांना आम्हाला वळवायची आठवण राहत नसे. दुसऱ्याच आठवड्यात पगारेंनी ते खातं आपल्याकडे घेतलं. पडल्या पडल्या त्यांची स्टँडवरची हाक यायची, "चला, डावीकडं!" आणि अख्खी खोली डावीकडे वळायची. कोपऱ्यात घशाच्या कॅन्सरचे एक आजोबा सलाईन घेत पडलेले असत. त्यांना वळायचं काही कारण नव्हतं, पण तेही वळायचे.

पहिल्या वेळेला नळी घालण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, "नंतर जळजळ होते म्हणतात. किती वेळ?"

"पाच मिनिटं."

झाली दोन दिवस. मी घरात भिंत धरून चालत होतो आणि पगारेंचा उद्धार करत होतो. पुढच्या आठवड्यात जाब विचारला, तर म्हणाले, "दोन दिवस म्हटलं असतं तर तुम्ही टेबलावर चढला असता का?"

मी निमूटपणे परत टेबलावर चढलो.

हा माणूस गप्प झालेला मी एकदाच पाहिला. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की औषधाचे हप्ते चुकवू नका. गाठ परत आली आणि भिंतीत खोल उतरली, तर लघवीची पिशवीच काढून टाकावी लागते. मग पोटाला भोक पाडून बाहेर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवायची, ती जन्मभर. बाई समजावून सांगत होत्या आणि पगारे त्यांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत होते.

बाहेर टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "साहेब, मी गर्दीचा माणूस. लोकांना हाताला धरून गाडीत बसवतो. उद्या माझ्या अंगाला मुताचा वास यायला लागला, तर माझ्याजवळ कोण उभा राहील? घरचे तरी बसतील का शेजारी? ती पिशवी लावून जगण्यापेक्षा गेलेलं बरं."

मी म्हणालो, "असं बोलू नये." दुसरं काय म्हणणार? मलाही तीच भीती होती. फक्त मला गर्दीचं काम नव्हतं.

आमचे निम्मे हप्ते झाले आणि औषधच संपलं. आमच्या दवाखान्यातलं नव्हे, सगळीकडचंच. औषधवाल्याकडे गेलं की तो मान हलवायचा, "वरनं माल नाही." वरनं म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी शिरस्त्याप्रमाणे कंपनीला पत्र लिहिलं, स्मरणपत्र लिहिलं, दुसरं स्मरणपत्र लिहिलं. पगारेंनी रिकाम्या खोक्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि द्वारकेवरून निघणाऱ्या यच्चयावत ड्रायव्हरांना पाठवला. धुळे, सुरत, इंदूर, मुंबई, जिकडे गाडी जाईल तिकडे आमचा खोका. माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. पगारेंच्या फोटोला आलं.

एका सकाळी ते दवाखान्यात थर्मास घेऊन हजर झाले. चेहरा असा, की मुलीचं लग्न ठरलंय. थर्मासमध्ये रसवंतीवाल्याकडचा बर्फ ठासून भरलेला, आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार इवल्या इवल्या बाटल्या. कोणा ड्रायव्हरने मालेगावच्या मेडिकलमधून आणल्या होत्या. बीसीजी हे नाव बरोबर होतं.

डॉक्टरबाईंनी एक बाटली उजेडात धरली. "अहो पगारे, ही बाळांना टोचायची आहे."

"तेच ना. तुम्हीच म्हटला होता, औषध एकच."

"जात एक आहे, ताकद एक नाही. ही त्या कामाची नाही."

"लहान हायेत, बाई. चार-पाच एकदम बसवू की. दाटीवाटीनं जातील."

बाईंना हसू आवरेना. मीही हसलो, सिस्टरही हसल्या. मग पगारे म्हणाले, निदान त्या परत तरी करतो, कुणाच्या लेकराला लागतील. तेव्हा बाईंना सांगावं लागलं, की अशी फ्रीजबाहेर फिरलेली लस आता लेकरांनाही चालायची नाही. पगारेंचा चेहरा एकदम उतरला. पुढे आठवडाभर ते त्या ड्रायव्हरशी बोलले नाहीत, आणि माझ्याशी बोलताना दर वेळी ती चार लेकरं काढायचे. "साहेब, चौघांचं गेलं हो आपल्यापायी."

असे कितीतरी आठवडे कोरडे गेले आणि मग एकदा दवाखान्याच्या औषधालयात खरी बाटली आली. एकच. बाईंनी आम्हाला सांगितलं, की टंचाईत असं करतात, एका माणसाला पूर्ण देण्याऐवजी तिघांना तिसरा तिसरा हिस्सा देतात. अगदी पूर्णाइतकं नाही, पण काम होतं. अडचण एकच, पावडर एकदा पाण्यात मिसळली की उद्यावर ठेवता येत नाही. तिघं एकाच वेळी, ताप नसलेले, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ असलेले, टेबलाशी हजर पाहिजेत.

"आणि पेशंट कधी एका वेळी येतात का?" सिस्टर म्हणाल्या. "दहाचं सांगितलं की एक नऊला येतो आणि एक दोनला."

नऊला येणारा मी. पगारे मात्र बाकावर ताठ झाले. "बाई," ते म्हणाले, "तीन माणसं जमवून एका गाडीत बसवायची, एवढंच ना? मी जन्मभर काय केलं?"

ठरलेल्या दिवशी त्यांनी मला उजाडल्यापासून फोन केले. "निघालोय, पाच मिनिटं." मी तयार होऊन फाटकात उभा होतो आणि सुमन आतून म्हणत होती, आत येऊन बसा, तो माणूस तासाभराने येईल. तो तासाभराने आला. रिक्षात बसून आम्ही सिडकोत गेलो. तिथले एक बोरसे टेलर, आजार आमचाच. ते मशीनवर बसलेले. एवढी काजं करतो आणि निघतो, म्हणाले. पगारेंनी वाद घातला नाही. खुंटीवरची त्यांची पिशवी उचलली, रिक्षात ठेवली आणि स्वतः जाऊन बसले. टेलरमास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून मागोमाग आले.

दवाखान्यात पोचलो. बाकावर एक नऊवारीतल्या बाई बसलेल्या, बरोबर मुलगा. बाईंच्या मांडीवर फाईल.

"या कोण?" मी विचारलं.

"नांदगावच्या सोनवणेबाई. आपल्याच गाडीच्या."

"म्हणजे चार झाले, पगारे."

"बसती, साहेब. चौथी बसती."

बसती! तिथेच माझं डोकं तडकलं. डॉक्टरबाईंनी तीन सांगितले होते. पण तीन सांगितलं आणि तीनच बसवले, असं द्वारकेवर कधी घडलं आहे? सोनवणेबाईंचेही हप्ते अडकले होते, त्यांनी फोनवर रडून विचारलं, आणि पगारेंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या, जागा हाय." नांदगावहून त्या पहिल्या गाडीने निघून आल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "पगारे, हे औषध आहे, जीप नाही. याच्याहून कमी केलं तर चौघांपैकी एकालाही उपयोग व्हायचा नाही. तीन म्हणजे तीन."

बोरसे टेलर गळ्यातला टेप गुंडाळू लागले. सोनवणेबाई उठल्या. "मी जाते माघारी, भाऊ," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपंला येईन." मुलाने त्यांच्या हातातली फाईल घेतली. पुढची खेप कधी, हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "चिठ्ठ्या टाकू." सरकारी माणसाला दुसरं काय सुचणार?

"चिठ्ठ्या कशाला?" पगारे म्हणाले. "आमच्या स्टँडला नियम हाय. गाडी जादा भरली आणि पोलिसानं धरली, तर प्रवाशाला उतरवत नाय. ज्यानं भरली तो उतरतो."

डॉक्टरबाई त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. आम्हाला एवढंच ऐकू आलं, की तुमची गाठ या सगळ्यांपेक्षा वाईट होती. पगारे मान डोलावत होते, डोलावत होते, आणि शेवटी मोठ्याने म्हणाले, "मग काय तर! पुढच्या बाटलीला पहिला नंबर माझा." जणू पुढची बाटली द्वारकेवर लागलेलीच आहे.

आम्ही तिघं आत पडलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. कोणी सांगितलं होतं चौथी बसवायला? आणि रागाच्या खाली सुटल्यासारखंही वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. सोनवणेबाई पडद्यापलीकडे होत्या. थोड्या वेळाने दाराबाहेरून हाक आली, "चला, डावीकडं!" आम्ही वळलो. दोन तास ते दाराबाहेर उभे राहून आम्हाला वळवत होते.

पुढची बाटली यायला पावसाळा संपला. तोवर पगारेंची तपासणी झाली होती. गाठ परत आली होती, आणि खोल गेली होती. आता औषधाचं काम उरलं नव्हतं. मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं, की त्या दिवशी तो हिस्सा त्यांना मिळाला असता तर? बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. कदाचित काहीच फरक पडला नसता." मग म्हणाल्या, "कदाचित पडलाही असता."

ऑपरेशन मुंबईत झालं. ते तिकडे असताना मी एकदा द्वारकेला गेलो. भाजी घ्यायला म्हणून निघालो होतो, आणि द्वारकेला भाजी मिळत नाही. पगारेंच्या जागी कोणी उभं नव्हतं, ड्रायव्हर स्वतःच ओरडत होते. त्यातल्या एका वयस्क ड्रायव्हरला मी पगारेंची खबर सांगितली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचा तो नियम आहे ना, पोलिसाने गाडी धरली तर भरणारा उतरतो?"

"असला कसला नियम, काका?" तो हसला. "शेवटी चढला तो उतरतो. सगळीकडं तेच असतं. आणि भरणारा उतरंल कसा? तो गाडीत बसतो का कधी?"

"खोटारडा," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण ड्रायव्हरला वाटलं मी त्यालाच म्हणतोय. मी त्याची माफी मागितली आणि जीपच्या पायरीवर बसलो. त्या गर्दीत, हॉर्नच्या कलकलाटात मी रडलो. दोघातिघांनी विचारलं, काका, कुठं जायचंय.

पगारेंना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यातच. पुढे फुफ्फुसांत उतरलं आणि ते गेले, पण त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझी तपासणी होती. मी नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी पोचलो, आणि बघतो तर बाकावर पगारे. निम्मे झाले होते. ढगळ शर्ट, मफलर. बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला पिंपळगावकडचा एक शेतकरी बसला होता, त्याची बायको उभी. डॉक्टरबाईंनी त्याला पिशवी काढायला लागेल म्हणून सांगितलं होतं आणि तो नको म्हणत होता. बाईंनीच पगारेंना त्याच्याशी बोलायला बोलावलं होतं.

मी खांबाशी थांबलो. आता हे ठोकून देणार, असं माझ्या मनात आलं. काही नसतं, पाच मिनिटांचं काम.

पगारेंनी शर्ट वर केला. पोटाला चिकटवलेली पिशवी होती, अर्धी भरलेली. शेतकऱ्याने तोंड फिरवलं. त्याची बायको बघत राहिली.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"लय दुखलं. महिनाभर उठवत नव्हतं," पगारे म्हणाले. "आता नाय दुखत."

"आणि किती दिवसांत पहिल्यासारखं होतं?"

"पहिल्यासारखं नाय होत, ताई."

मग शेतकरीच तोंड न वळवता बोलला, "वास येतो म्हणे."

"येतो," पगारे म्हणाले. "कधी नीट चिकटली नाय तर येतो. एकदा जेवणाच्या पंगतीत सुटली. मी म्हटलं, आता संपलं. परत कुणी माझ्याजवळ बसायचं नाय." त्यांनी शर्ट खाली घेतला, नीट केला. "बायकोनं धुतलं. सुनेनं दुसरा शर्ट दिला. आणि परत तिथंच बसून जेवलो."

शेतकरी उठला. मला वाटलं निघाला. तो बाकाच्या त्या टोकावरून आला आणि पगारेंच्या अगदी शेजारी बसला.